जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारची भटकंती: बेत आखायचा तो परतीच्या गाडीपासून

जर्मनीत शिकायला आलेल्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुक्रवारी रात्री हमखास एक मेसेज येतो: "उद्या न्यॉयश्वानश्टाईन?" दहा-बारा अंगठे लगेच वर. सकाळी स्टेशनवर उगवतात चौघं. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तास, पुढे बस, मग चढण. वर किल्ल्यापाशी पोचल्यावर कळतं की आत जायची वेळ ठरलेली तिकिटं आधीच ऑनलाइन संपली आहेत. मग बाहेरून फोटो, आणि परतीला अशी गाडी की एक जोडगाडी (वाटेत बदलून पकडायची पुढची गाडी) चुकली तर रात्र फलाटावर.

यात ठिकाणाची चूक नाही. ठिकाण आधी ठरवून बाकीचं नंतर बघू म्हटलं की असंच होतं. इथल्या दोन दिवसांच्या सुट्टीत बेत उलट्या बाजूने आखावा लागतो: रात्री घरी यायची गाडी आधी, ठिकाण नंतर. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी सेमिस्टरचं कॅलेंडर उघडा

बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि उन्हाळी सेमिस्टरची एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. उपयोजित शास्त्रांची विद्यापीठं, म्हणजे होखशूलं, थोडी आधी सुरू होतात. परीक्षा शेवटी एकगठ्ठा येतात. म्हणजे फिरायचे खरे महिने कोणते? ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर, मे आणि जून. मे-जून तर सोनंच, कारण उजेड रात्री नऊ-साडेनऊपर्यंत असतो. डिसेंबरात चार-सव्वाचारलाच अंधारून येतं. त्या महिन्यात डोंगरवाटा सोडा, ख्रिसमसचे बाजार बघा. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा आहे आणि तो संध्याकाळीच शोभतो. तिथे पेयाच्या मगाचं डिपॉझिट घेतात, मग परत केला की पैसे परत.

राज्यवार सुट्ट्याही बघून ठेवा. १ नोव्हेंबरला बायर्न आणि नोर्डराईन-वेस्टफालनमध्ये सुट्टी असते, बर्लिनमध्ये नसते. सुट्टीच्या दिवशी रविवारचं वेळापत्रक लागतं आणि दुकानं बंद. गुरुवारी सुट्टी आली की अर्धा देश शुक्रवारही जोडून घेतो, गाड्या खच्चून भरतात. अशा वेळी मी तरी गावातच राहणं पसंत करतो.

तिकीट

पाया म्हणजे डॉइचलांडटिकेट, बोलीभाषेत डी-टिकेट. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो आहे. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या (आरई, आरबी), एस-बान (उपनगरी गाड्या), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरी बस यांतून जाता येतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि फ्लिक्सबस चालत नाहीत. आयसीबाबत काही मोजक्या पट्ट्यांचा अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर चढू नका. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच याची विद्यार्थी आवृत्ती मिळते. तिची किंमत मूळ तिकिटाच्या ६० टक्के असते. म्हणजे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. मग ते तिकीट फक्त वसतिगृह ते लॅब एवढ्यासाठी वापरणं म्हणजे बुफेचे पैसे भरून नुसता वरण-भात खाणं.

तुमच्या विद्यापीठात ही सोय नसेल आणि तिकीट स्वतः काढावं लागलं, तर लक्षात ठेवा की ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढचा महिनाही कापला जातो. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. इथे स्टेशनवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. पण डब्यात तपासनीस येतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो. तिकीट फोनमध्ये आणि फोन मेलेला, हेही विनातिकीटच. पॉवर बँक बॅगेत हवीच.

ज्यांच्याकडे डी-टिकेट नाही असे पाहुणे किंवा भारतातून आलेले आईवडील सोबत असतील, तर राज्यांची एकदिवसीय तिकिटं काढा, उदाहरणार्थ बायर्न-टिकेट. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि प्रत्येक माणसामागे रक्कम थोडीच वाढते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत.

लांबच्या शहरासाठी, म्हणजे हॅम्बुर्गहून म्युनिक वगैरे, प्रादेशिक गाड्यांनी जायचा हट्ट धरू नका. अख्खा दिवस जातो. त्यासाठी झूपर-श्पारप्राइस, म्हणजे जलद गाड्यांचं सवलतीचं तिकीट, लवकर काढा. ते त्या ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. सत्तावीसच्या आतल्यांना बानकार्ड (रेल्वेचं सवलत कार्ड) स्वस्तात मिळतं, पण तेही मुदतीआधी रद्द केलं नाही तर पुढच्या वर्षासाठी आपोआप वाढतं. कार्ड घेतलं त्याच दिवशी फोनमध्ये रद्द करायची आठवण लावून टाका.

ठिकाण ठरवायचं कसं

आता मुख्य मुद्दा. डेबे नाविगाटोर या रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त डी-टिकेटवर चालणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे, ती चालू करा. मग पहिला शोध परतीचा करा: मनातल्या गावाहून तुमच्या गावी, रविवारी रात्री. शेवटची जोडगाडी किती वाजता आहे ते बघा. लहान गावांतून ती अनेकदा तुम्ही समजता त्याच्या खूप आधी असते. शेवटच्या गाडीने यायचा बेत कधीच करायचा नाही. तिच्या आधीची, शक्य असेल तर तिच्याही आधीची गाडी ही "आपली" गाडी. शेवटची गाडी हा विमा.

माझे नियम तीन. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आत, गाड्या बदलायच्या त्या जास्तीत जास्त दोनदा, आणि बदलायला किमान दहा-बारा मिनिटं. ॲप चार मिनिटांची जोडगाडी खुशाल दाखवतं. कागदावर ती मिळते, फलाटावर मिळत नाही. सेटिंगमध्ये गाडी बदलायचा किमान वेळ वाढवून ठेवता येतो, तो वाढवा.

हे कसं चालतं ते ऱ्हाईनच्या खोऱ्यावर दाखवतो. फ्रँकफर्ट, दार्मश्टाट, माइन्झच्या पोरांनी पहिली सहल म्हणून हीच करावी असं माझं ठाम मत आहे. बिंगेन-रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतचं हे खोरं २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे जाते, पण माइन्झ ते कोब्लेन्झ या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट. या एका गोष्टीवर सगळा बेत बसवायचा.

माइन्झहून डाव्या काठाने आरबी २६ पकडायची आणि उजव्या खिडकीशी बसायचं. बिंगेन गेलं की द्राक्षमळे आणि किल्ले सुरू होतात. बाखाराखला उतरा. लाकडी चौकटींच्या घरांची एकच मुख्य गल्ली आहे, तासाभरात बघून होते. मग मळ्यांतून वर चढलात की खाली नदी आणि मालवाहू पडाव दिसतात. वरचा श्टालेक किल्ला म्हणजे चक्क युथ होस्टेल आहे. किल्ल्यात राहायची हौस अशी स्वस्तात भागते, फक्त उन्हाळ्यात आधी बुकिंग हवं. पुन्हा त्याच गाडीने पुढे निघालात की काउब गावासमोर नदीच्या ऐन मध्यात एक पांढरा किल्ला दिसेल, फाल्त्सग्राफेनश्टाईन. जहाजांकडून जकात वसूल करायला बांधलेला. म्हणजे नाक्याची कल्पना जुनीच आहे. झांक्ट गोआरला उतरून राइनफेल्सचे अवशेष बघा, मग फेरीने पलीकडे झांक्ट गोआर्सहाउसनला. लोरेलाइचा १३२ मीटर उंच कडा याच बाजूला आहे. परतताना उजव्या काठाची आरबी १० घ्यायची, ती रुडेसहाइम, वीसबाडेन करत फ्रँकफर्टला येते. गंमत म्हणजे परतीलाही नदी उजव्याच खिडकीत असते.

आता उलटा हिशोब लावा. घरी नऊला पोचायचं, म्हणजे पलीकडच्या काठावरून साडेसहा-सातची गाडी. म्हणजे त्याआधीची फेरी. फेरीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात आणि धक्क्यावर लावलेल्या असतात. ती चुकली तरी बिघडत नाही, डाव्या काठाने माइन्झला परत जाता येतं. हा दुसरा मार्ग हातात आहे म्हणून तर ही सहल नवशिक्यांना सांगतोय. एक सूचना मात्र: २०२६ च्या उत्तरार्धात उजव्या काठाचा मार्ग मोठ्या दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवायचं रेल्वेचं नियोजन आहे. त्या काळात दोन्ही वेळा डावा काठच धरा. फेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, डी-टिकेटवर नाही.

ड्रेस्डेनकरांसाठी याच तोडीची सहल सॅक्सन स्वित्झर्लंडची (नाव तसं, पण हा डोंगराळ भाग जर्मनीतच आहे). एस १ ने कुरोर्ट राटेनला उतरायचं, साध्या फेरीने एल्ब ओलांडायची. ही फेरी तारेला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहानेच सरकते. मग पायऱ्या चढून बास्टाइच्या दगडी पुलावर. हा पूल १८५१ चा. सह्याद्रीत चढलेल्यांना चढण काही वाटणार नाही. गर्दी वाटेल. म्हणून सकाळी आठच्या आत वर पोचा. फ्रायबुर्गकरांना टिटिझे, म्युनिककरांना टेगर्नझे किंवा श्लीर्झे (ही सगळी तळी), ट्रियरला पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा. जवळ असेल ते आधी.

परीक्षा तोंडावर आली असेल तर गाव न सोडताही शनिवार सार्थकी लागतो. बर्लिनमधल्या मराठी विद्यार्थ्यांना एक जागा सांगतो, पर्यटकांच्या यादीत ती सापडणार नाही: डालेममधली इन्हेश्ट्रासे २२ ही इमारत. आता ती फ्राय विद्यापीठाकडे आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी इथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती आणि इरावती कर्वे इथेच डॉक्टरेटसाठी काम करत होत्या. विषय होता मानवी कवटीची विषमता. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. बाईंनी मोजमापं घेतली आणि त्यांत वंशाचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. यू ३ ने जायचं, स्टेशनपासून इमारत चालत जवळ आहे.

सीमा ओलांडायची असेल तर

डी-टिकेटवर सॉल्झबुर्गपर्यंत जाता येतं, त्यामुळे म्युनिकची मुलं सहज ऑस्ट्रियात जातात आणि सहज म्हणूनच पासपोर्ट घरी ठेवून जातात. तसं करू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस चढतात. मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवं. फोनमधला फोटो पुरत नाही.

जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना असला की शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, क्रोएशिया २०२३ पासून आहे, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो. परवान्याची मुदत संपत आली असेल आणि हातात फक्त अर्ज केल्याचा कागद, म्हणजे फिक्सिओन्सबेशाइनिगुंग असेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी खात्री करून घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका. त्या कागदाचे प्रकार आहेत आणि सगळ्यांना सारखी मुभा नसते. तोपर्यंत जर्मनी काही छोटी नाही.

विम्याचं एक कलम फार कमी जणांना ठाऊक असतं. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य कार्ड असतं, त्यावर युरोपियन युनियनमध्ये उपचार मिळतात. पण भारतीय नागरिकांसाठी ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिष्टेनश्टाईनमध्ये चालत नाही. आणि नेमकं स्वित्झर्लंडमध्ये पाय मुरगळणं खिशाला झेपणारं नाही. परदेश प्रवासाचा आरोग्य विमा वर्षाला थोडक्या युरोंत मिळतो, तो काढून ठेवा.

स्वस्त विमानांविषयी एवढंच: विमानतळाचं नाव नकाशावर तपासा. फ्रँकफर्ट-हान हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तिथवरच्या बसचं भाडं आणि पहाटेची झोप धरली की वीस युरोंचं तिकीट वीस युरोंचं राहत नाही.

शुक्रवारी रात्रीची दहा मिनिटं

ठरवलेली गाडी ॲपमध्ये पुन्हा बघा, दोन्ही बाजूंची. इथे रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. ॲपवर "एसईव्ही" किंवा "एर्झात्सफेरकेर" दिसेल. ही बस स्टेशनच्या नेमक्या कुठल्या दारासमोर लागते हे शोधण्यातच दहा मिनिटं जातात. शिवाय ती गाडीपेक्षा बराच वेळ घेते. तेवढा वेळ बेतात धरा नाहीतर ठिकाण बदला.

शनिवारी निघताना किंवा शुक्रवारीच रविवारचा किराणा भरून ठेवा. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली दुकानं सोडून, आणि तिथे चढे भाव. सोबत नेण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा मेथीचे पराठे दोन दिवस उत्तम टिकतात. ज्यांना लाटायचा कंटाळा आहे त्यांनी दुकानातल्या टॉर्टियाला शेंगदाण्याची चटणी आणि चीज लावून गुंडाळी करावी. शाकाहारींना गावोगावच्या ड्योनरवाल्याकडे फलाफल मिळतं, दक्षिणेत केझेश्पेत्झले, म्हणजे चीज घातलेल्या शेवयांसारखा पदार्थ. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या. विकत घेतलीच तर प्लास्टिकची बाटली फेकू नका, तिच्यावर २५ सेंट परत मिळतात.

गाडीत

फलाटावरचा बोर्ड नीट वाचा, कारण एकच गाडी पुढे तुटते. म्युनिकहून निघणारी प्रादेशिक गाडी होल्ट्सकिर्खनला दुभागते. एक भाग श्लीर्झेवरून बायरिशत्सेलला जातो, उरलेला शाफ्टलाखला पुन्हा तुटून एक टेगर्नझेला, दुसरा लेंग्रीसला. डब्यावरच्या पाटीत तुमच्या गावाचं नाव नसेल तर गाडी थांबताच उतरून पुढे-मागे पळा. एका ग्रुपमधले तिघं तळ्यावर आणि दोघं डोंगरात, असं दृश्य या मार्गावर नवीन नाही.

उशीर झाला आणि जोडगाडी चुकली तर घाबरू नका, पुढची प्रादेशिक गाडी घ्या. फक्त डी-टिकेट हातात असताना उशिराचं कारण सांगून आयसीईत चढू नका, तपासनीस ऐकणार नाही. श्पारप्राइसचं मात्र वेगळं आहे. मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. ॲपवरच्या उशिराचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.

सोबत कोण, पैसे किती

व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून भाडं, विमा, जेवण गेलं की उरतं ते फिरण्याचं. म्हणून महिन्यात एक मुक्कामाची सहल आणि एक-दोन दिवसाच्या, एवढंच झेपतं. अर्धवेळ काम करणाऱ्यांचा शनिवार तसाही कामात जातो. अशांनी रविवारची एकदिवसीय सहल धरावी.

ग्रुप चौघांचा ठेवा. चौघांना समोरासमोरची बाकं मिळतात, चौघांचं एका टेबलावर भागतं आणि चौघांचं एकमत होतं. सातव्या माणसाला कायम आधी स्वच्छतागृह शोधायचं असतं. खर्च रोजच्या रोज स्प्लिटवाइजवर टाका, "नंतर बघू" यात मैत्री बिघडते. एकटे असाल तर विद्यापीठातल्या ईएसएन (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यार्थी संघटना) गटाच्या किंवा इंटरनॅशनल ऑफिसच्या सहलींना नाव घाला. तिथे मराठी बोलणारं कुणी नसेल, आणि तेच बरं. अन्यथा दोन वर्षं जर्मनीत राहून जर्मन येत नाही म्हणणारे आपल्यात कमी नाहीत.

सोमवारी

मुक्कामी तासाभराहून जास्त उशिरा पोचला असाल तर भरपाई मागा. साध्या तिकिटावर साठ मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के मिळतात, आणि अर्ज ॲपमधूनच करता येतो. डी-टिकेटवर तासाभराच्या उशिराला फक्त दीड युरो आहे. चार युरोंच्या खालची रक्कम रेल्वे देत नाही, त्यामुळे असे तीन उशीर जमले की मगच एकत्र अर्ज करा.